सातवं रीळ

लेकीनं मॉलमध्ये सिनेमाला नेलं.
पडद्यावर एकच बाई, आयुष्यं दोन.
एकात ती जिना उतरते, एकात उतरत नाही,
तेवढ्यावरून नवरे वेगळे, गावं वेगळी,
दुखणीसुद्धा वेगळी.
मध्यंतरात लेक म्हणाली, "बाबा, कळतंय ना?
जरा गुंतागुंतीचं आहे."

कळतंय गं.
हे मी सायकलवरून वाहिलंय.

तेव्हा इंदुरात सिनेमाची एकच प्रत यायची
आणि दोन टॉकिजा ती वाटून घ्यायच्या.
खजुरी बाजाराकडे 'शालिनी'त खेळ तीनला,
नदीपलीकडे 'नवयुग'ला पावणेचारला.
इकडे रीळ संपलं की उलटं गुंडाळून,
डबा कॅरिअरला आवळून
कृष्णपुऱ्याच्या पुलावरून मी निघायचो.
मी, मनोहर टोकेकर,
पगार बासष्ट रुपये, पायात टायरच्या चपला.

पुलाच्या मधोमध रोज चमत्कारिक वाटायचं.
पाठीमागे आई मेलेली असायची,
पुढे ती अजून पोळ्या लाटत असायची.
मागचे लोक डोळे पुसत असायचे,
पुढचे नुकते कुठे हसायला लागलेले,
आणि मधलं सगळं, ताटातूट, खटला, आगगाडी,
माझ्या पाठीशी पत्र्याच्या डब्यात
खडखडत यायचं.
एखादा भिया हटकायचा, "काय रे, काय नेतोस?"
काय सांगणार.

एका शनिवारी, सातव्या रिळाला, साखळी निसटली.
बोटं काळी झाली तरी बसेना.
'नवयुग'मध्ये दिवे लागले, शिट्ट्या झाल्या,
खुर्च्यांच्या पाठी वाजल्या.
मी पोचलो तेव्हा मॅनेजर जे बोलला
ते इथं लिहीत नाही.
दारात एक मुलगी, बहिणीचा हात ओढत,
दिवेलागणीच्या आत रामबागेत पोचायचं होतं तिला.
डब्याकडे बोट करून म्हणाली,
"शेवट ह्यात आहे का?"
"नाही. शेवट अकराव्यात. तो अजून तिकडेच आहे."
"मग काय उपयोग," म्हणाली, आणि गेली.

दुसऱ्या दिवशी पोह्यांच्या गाडीवर
तिनंच ओळखलं मला,
नखांतल्या वंगणावरून.

पुढचं सांगत बसत नाही. एकेचाळीस वर्षं संसार झाला.
भांडण झालं की शरयू म्हणायची,
"तुझी साखळी धड असती
तर मी तो सिनेमा पुरा पाहिला असता."
जणू तेवढंच काय ते हुकलं होतं.

साखळी न निसटलेला एक टोकेकर
असेल कुठेतरी.
वेळेवर पोचलेला, शिव्या न खाल्लेला,
कदाचित पुढे ऑपरेटर झालेला.
लोक म्हणतात, अशा गोष्टी आवडतात
त्या हुकलेल्या आयुष्यासाठी.
असेल. मी मात्र त्या अंधारात
पडदा सोडून डाव्या हाताला बघत होतो.
शरयूचं नाक, माझी आखूड बोटं,
मक्याच्या लाह्या एकेक करून खाणारी ही बाई,
वय छत्तीस, बँकेत नोकरी,
रागावली की तोंड फिरवून बसणारी.
त्या दुसऱ्या माणसाच्या शेजारची खुर्ची
मला दिसेना.
मी थोडा सरकून बसलो.
ती म्हणाली, "एसी लागतोय का?"

आणि त्या सिनेमाचा शेवट
मीही पाहिलेला नाही.
अकरावं रीळ पोचवलं की सुटी,
आणि मला भूक लागलेली असायची.
दवाखान्यात शेवटच्या महिन्यात
शरयूनं विचारलं, "काय रे झालं शेवटी त्यांचं?"
मी दिलं काहीतरी सांगून.
पुढच्या आठवड्यात तिनं पुन्हा विचारलं,
मी आधी काय सांगितलं ते विसरलो होतो,
सांगितलं वेगळंच.
दोन्ही वेळा ती डोळे मिटून म्हणाली,
"हं. मला तसंच वाटलं होतं."